बेअदबी, कैद आणि दाद

न्यायालयीन मराठीत जे फारसी शब्द टिकून राहिले त्यांत ‘दाद’ आणि ‘बेअदबी’ हे दोन शब्द विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. ‘दाद’ म्हणजे मुळात न्याय. आपण ‘दाद मागतो’ तेव्हा न्यायच मागत असतो. ज्याची दाद-फिर्याद नाही त्याला न्यायाचे दार बंद आहे, असे आपल्या भाषेचे सांगणे आहे. ‘बेअदबी’ म्हणजे अदब न राखणे. पुढे कायद्याच्या भाषेने तिच्या जागी ‘अवमान’ हा संस्कृत शब्द आणला आणि ‘न्यायालयाचा अवमान’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या दोन शब्दांचा परस्परसंबंध हा आमच्या या लेखाचा विषय आहे. बेअदबीबद्दल एखाद्याला न्यायालयानेच तुरुंगात पाठवले आणि ती शिक्षा अन्याय्य असली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड घ्या. तिथल्या शेतकऱ्याचा बांधाचा तंटा तालुक्याच्या न्यायालयात हरला तर अकोल्याला अपील होते, तिथून अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाता येते आणि त्याहीपुढे दिल्ली आहे. चोरीच्या आरोपाचेही तसेच. प्रत्येक पायरीवर आधीच्या न्यायाधीशाला न ओळखणारा, त्या प्रकरणात काहीही गुंतलेले नसलेला दुसरा न्यायाधीश भेटतो. आपली न्यायव्यवस्था माणसाच्या चुका गृहीत धरून बांधलेली आहे, ती अशी. बेअदबीचा खटला मात्र दीर्घकाळ या जिन्याच्या बाहेर राहिला. त्यात फिर्यादी न्यायालय, साक्षीदार न्यायालय, निवाडा न्यायालयाचा, आणि शिक्षा भोगणाऱ्याला दुसरी पायरीच नाही. ही पायरी कशी आणि किती उशिरा बांधली गेली, आणि ती अजून कुठे अपुरी आहे, हे पाहू.

१

इंग्लंडात या अधिकाराचा पाया ज्या निकालाने घातला गेला असे मानतात, तो निकाल प्रत्यक्षात कधी दिलाच गेला नव्हता. १७६५ साली जॉन आल्मन या पुस्तकविक्रेत्याने मुख्य न्यायाधीश मॅन्सफील्ड यांच्यावर टीका करणारे एक चोपडे छापले. त्याच्यावर बेअदबीची कारवाई सुरू झाली, न्यायमूर्ती विल्मट यांनी निकाल लिहूनही ठेवला. पण कागदपत्रांतील तांत्रिक दोषामुळे प्रकरण मागे पडले. विल्मट यांच्या मृत्यूनंतर, १८०२ साली, तो मसुदा त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केला. न्यायाधीशांना हा अधिकार अनादि काळापासून आहे आणि तो ज्यूरीवाचून, तडकाफडकी वापरता येतो, असे त्यात म्हटले होते. पुढच्या शंभर वर्षांत हा कधीच न सुनावलेला निकाल साम्राज्यभर प्रमाण मानला गेला.

हिंदुस्थानात त्याचा पहिला मोठा फटका बसला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नॉरिस यांनी एका खटल्यात शाळिग्राम न्यायालयात आणवला, यावर सुरेंद्रनाथांनी आपल्या ‘बेंगाली’ पत्रात कडक टीका केली. माफी मागूनही ५ मे १८८३ रोजी त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. पाच न्यायाधीशांपैकी रमेशचंद्र मित्र एवढ्यांचेच शिक्षेबाबत वेगळे मत पडले. दंड पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे उत्तर मिळाले ते असे, की उच्च न्यायालय हे अभिलेख न्यायालय आहे, त्याला हा अधिकार आहेच, आणि तो कसा वापरला यात आम्ही पडणार नाही. दाद संपली. तोवर सुरेंद्रनाथांची शिक्षाही भोगून संपली होती. बेअदबीच्या कैदेचे हे एक खास लक्षण आहे. ती सहसा अल्प मुदतीची असते, त्यामुळे वरच्या न्यायालयाला वेळ मिळेपर्यंत प्रश्न केवळ तात्त्विक उरतो. मात्र तोपर्यंत माणूस तुरुंगात राहून आलेला असतो.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर, मॅक्लाऊड नावाच्या गृहस्थाला न्यायाधीशावरील टीका छापलेला वृत्तपत्राचा अंक दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल चौदा दिवसांची कैद झाली. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ती शिक्षा रद्द केली. न्यायाधीशांची निंदा केल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची रीत खुद्द इंग्लंडात कालबाह्य झाली आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. पण लगेच पुढे, जिथे प्रामुख्याने काळ्या लोकांची वस्ती आहे अशा छोट्या वसाहतींत तिची गरज भासू शकेल, अशी पुस्तीही जोडली आहे. साहेबाच्या देशात लोकांच्या जिभेवर सोपवलेली गोष्ट वसाहतीत तुरुंगावर सोपवायची, हा या कायद्यातला वसाहतवाद इतक्या उघडपणे क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल.

२

वऱ्हाडाचा या इतिहासाशी संबंध येतो तो इथे. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. अमरावतीच्या मंडपात टिळकांविषयी अत्यंत कळवळ्याने बोलले ते सुरेंद्रनाथ बॅनर्जी. बेअदबीपायी स्वतः तुरुंग पाहून आलेला, आणि वरच्या न्यायालयाचे बंद दार ठोठावून परतलेला माणूस वऱ्हाडच्या भूमीवर उभा राहून दुसऱ्या कैद्याविषयी बोलत होता. त्या सभेतील सहानुभूती अनुभवातून आलेली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अकरा वर्षांनी ही साखळी पुढे जोडली गेली. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरीचे मत सात विरुद्ध दोन असे पडले होते. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. या खटल्यावर ‘मराठा’ पत्रात लिहिलेल्या टीकेबद्दल नरसिंह चिंतामण केळकरांवर मुंबई उच्च न्यायालयाने बेअदबीची कारवाई केली आणि चौदा दिवसांची साधी कैद व दंड अशी शिक्षा दिली.

दोन शिक्षा, एकाच खटल्यातून निघालेल्या. टिळकांची सहा वर्षांची, केळकरांची चौदा दिवसांची. पण दाद मागण्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. टिळकांच्या खटल्यात ज्यूरी होती, आरोपपत्र होते, पुराव्यावर वाद झाला. नंतर उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाकडे अर्ज झाला. तो फेटाळला गेल्यावर प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचा मार्ग होता, आणि त्याच कामासाठी खापर्डे अमरावतीची भरभराटीची वकिली सोडून ऑगस्ट १९०८ मध्ये विलायतेला रवाना झाले. पदरी अपयश आले, हे खरे. तथापि जाण्यासाठी वाट होती. केळकरांच्या शिक्षेला ज्यूरी नव्हती आणि हक्काचे अपीलही नव्हते. ज्या न्यायालयावर टीका केली त्याच न्यायालयाने ती टीका बेअदबी ठरवली आणि विषय मिटला. मोठी शिक्षा आणि मोठा अन्याय या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतात असे नाही.

पुढे १९२० साली ‘यंग इंडिया’तील एका पत्रप्रसिद्धीवरून गांधीजी आणि महादेव देसाई यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात अशीच कारवाई झाली. त्यांनी माफी नाकारली, आणि न्यायालयाने कडक समज देऊन प्रकरण संपवले. इतकी सौम्य शिक्षा कायद्याने मिळाली की आरोपीच्या मोठेपणाने, हे सांगणे कठीण आहे. १९२६ साली बेअदबीचा पहिला कायदा झाला आणि कैदेला सहा महिन्यांची कमाल मर्यादा पडली. अपील मात्र त्या कायद्यानेही दिले नाही. १९४३ साली ‘हिंदुस्थान टाइम्स’च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा रद्द केली, पण ती विशेष परवानगी देऊन, म्हणजे ऐकायचे की नाही हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. हक्काची दाद वेगळी आणि मेहेरबानीची दाद वेगळी, हा भेद आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो.

३

नागपूर उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झाले. तोवर मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा न्यायकारभार न्यायिक आयुक्तांकडे होता. वीस वर्षांचेच आयुष्य लाभलेल्या या न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नावर जी कामगिरी केली तिची आठवण आज विदर्भातही फारशी उरलेली नाही. महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली माणसे उचलली जात होती. त्या वेळी विमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पतीच्या अटकेविरुद्ध नागपूरला अर्ज केला आणि न्यायालयाने तो मान्य केला. सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि १९४६ साली तिथेही हरले. संशय वाजवी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर आहे, असे तत्त्व त्यातून पक्के झाले. म्हणजे युद्ध चालू असतानाही पोलिसाने घातलेल्या बेडीची तपासणी होऊ शकत होती. न्यायाधीशाने घातलेल्या बेडीची?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नागपूरचीच दोन माणसे भेटतात. पहिले विव्हियन बोस. नागपूरला वकिली, तिथेच न्यायाधीश, तिथेच मुख्य न्यायाधीश, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात. १९५३ साली पेप्सू राज्यातील सुखदेवसिंग सोढी यांचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. ज्या न्यायाधीशांचा अवमान झाल्याचा आरोप आहे त्यांच्यापुढे आपली सुनावणी नको, प्रकरण दुसरीकडे वर्ग करा, अशी सोढींची मागणी होती. बोस यांनी कायद्याचा अर्थ लावून ती नाकारली. उच्च न्यायालयाचा हा अधिकार स्वयंभू आहे, फौजदारी प्रक्रिया संहितेतून आलेला नाही, म्हणून त्या संहितेखाली प्रकरण वर्ग करता येत नाही, असे त्यांनी ठरवले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या न्यायाधीशावर व्यक्तिशः हल्ला झाला आहे त्याने शक्यतो अशा प्रकरणाच्या सुनावणीला बसू नये, असे त्यांनी निकालात जोडले. सोढींच्या हाती काही लागले नाही. मात्र या वाक्याने स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये हे साधे तत्त्व बेअदबीच्या कायद्यात पहिल्यांदा ठामपणे शिरले.

दुसरे नाव मोहम्मद हिदायतुल्ला यांचे. तेही नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्याकडे येण्याआधी १९६४ सालचे केशवसिंग प्रकरण सांगायला हवे. उत्तर प्रदेश विधानसभेने आपल्या अवमानाबद्दल गोरखपूरच्या या कार्यकर्त्याला सात दिवसांच्या कैदेत पाठवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच अटक करून सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला! राष्ट्रपतींनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या वतीने सांगितले, की सभागृहाने काढलेले कैदेचे फर्मान अंतिम नाही. नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर घाला आला असेल तर न्यायालय त्याची तपासणी करू शकते. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असा हा निकाल आहे. त्यातच त्यांनी न्यायाधीशांनाही आठवण दिली, की बेअदबीचा अधिकार जपून वापरावा आणि न्यायालयाची प्रतिष्ठा निकालांच्या गुणवत्तेने राखावी. प्रत्यक्षात केशवसिंगांचा अर्ज पुढे १९६५ साली अलाहाबादला फेटाळला गेला आणि उरलेली शिक्षा त्यांच्या वाट्याला आलीच. तत्त्व मात्र राहिले: अवमान झाल्याचे सांगणाऱ्या सत्तेने दिलेली कैद तपासायला तटस्थ नजर हवी.

मग हेच तत्त्व न्यायालयाला का लागू नये? त्याचे उत्तर दोन वर्षांत आले. ‘ब्लिट्झ’च्या संपादकांवरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापायला तोंडी मनाई केली. बातमीदार नरेश मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांपुढे निर्णय झाला. उच्च न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणता येत नाही आणि त्याविरुद्ध रिट चालत नाही, असे बहुमताने ठरले. बहुमताचा निकाल लिहिला तो गजेंद्रगडकरांनीच. एकट्या हिदायतुल्लांनी विरोधी मत नोंदवले. न्यायाधीशाच्या हातूनही नागरिकाच्या हक्काचा भंग होऊ शकतो, आणि तसे झाले तर घटनेने दिलेला उपाय त्याला नाकारता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विधिमंडळाने तुरुंगात घातले तर आम्ही तपासू, पण न्यायालयाने हक्कावर बंधन घातले तर रिटने तपासता येणार नाही, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ होतो. बहुमताच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक न्यायालयीन आदेश रिटने उलटवता येऊ लागला तर कुठलाच निकाल स्थिर राहणार नाही, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण याच कारणासाठी बेअदबीच्या कैदेला अपिलाची स्वतंत्र, कायद्याने बांधलेली पायरी असणे अधिक आवश्यक ठरते.

४

ती पायरी १९७१ साली आली. इंग्लंडने १९६० साली फौजदारी अवमानात अपिलाचा हक्क दिला होता. आपल्याकडे सन्याल समितीने १९६३ साली अहवाल दिला आणि आठ वर्षांनी नवा न्यायालय अवमान कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने पहिल्यांदा अपील हक्काचे केले. एका न्यायाधीशाने शिक्षा दिली तर त्याच उच्च न्यायालयाच्या किमान दोघांच्या पीठाकडे तीस दिवसांत, आणि पीठाने दिली तर सर्वोच्च न्यायालयाकडे साठ दिवसांत अपील करता येते. अपील चालू असेतो शिक्षा स्थगित करून जामीन देण्याची सोयही त्यात आहे. सुरेंद्रनाथांच्या वेळी नेमकी हीच उणीव होती. फौजदारी अवमानाची सुनावणी किमान दोन न्यायाधीशांनी करायची असे ठरले. न्यायालयासमक्ष झालेल्या अवमानात, आपली सुनावणी दुसऱ्या न्यायाधीशापुढे व्हावी असा अर्ज आरोपीला करता येऊ लागला. बोस यांचे अठरा वर्षांपूर्वीचे वाक्य अशा रीतीने कायद्यात उतरले. कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड. २००६ च्या दुरुस्तीने सत्यकथन हाही बचाव मान्य झाला, अर्थात ते लोकहिताचे आणि प्रामाणिक असेल तर.

या पायरीचा उपयोग काय, हे ‘मिड-डे’च्या प्रकरणाने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवृत्त सरन्यायाधीशांविषयीच्या मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली या पत्राच्या चौघांना चार-चार महिन्यांची कैद सुनावली. अपील झाले, शिक्षेला स्थगिती मिळाली, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकारच उच्च न्यायालयाला नाही, असे कारण दिले. केळकरांच्या काळात हे चौघे शिक्षा भोगून बाहेर आले असते आणि शिक्षा चुकीची होती हे कुणी ठरवलेही नसते.

बेअदबीचा अधिकारच नको, असे म्हणण्याकडे आमचा कल नाही. न्यायाधीशांवरील टीकेला लागू होणारा अवमान वेगळा आणि आदेश धाब्यावर बसवणाऱ्याला लागू होणारा अवमान वेगळा. हिवरखेडच्या शेतकऱ्याला संपादित जमिनीचा वाढीव मोबदला देण्याचा आदेश झाला आणि अधिकाऱ्याने तो कपाटात ठेवला, तर त्या शेतकऱ्याच्या हाती अवमानाच्या अर्जाखेरीज धाक असा फारसा नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वनविषयक आदेश मोडल्याबद्दल महाराष्ट्राचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि प्रधान सचिव अशोक खोत यांना एकेक महिन्याची कैद दिली होती. सत्तेवर बसलेल्या माणसालाही आदेश पाळावा लागतो, हे त्यातून दिसले. निंदेबद्दलची कैद मात्र इंग्लंडने २०१३ साली तो अपराधच रद्द करून संपवली. आपण तिथवर गेलेलो नाही.

आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच शिक्षा दिली तर? एकोणिसावे कलम तिथे पोचत नाही. २००२ साली अरुंधती रॉय यांना एका दिवसाची कैद झाली. २०१७ साली पदावर असलेले उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सी. एस. कर्णन यांना सहा महिन्यांची झाली, म्हणजे कायद्यातली कमाल. त्यांच्या वर्तनाविषयी काहीही मत असो, सहा महिने तुरुंगात गेलेल्या माणसाला अपिलाची एकही पायरी नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, पण तो बहुधा त्याच न्यायाधीशांकडे जातो, आणि सर्वसाधारणपणे वकिलाला उभे राहून युक्तिवादही करता येत नाही. ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडेच पुन्हा दाद मागायची, ही १९०८ सालची स्थिती देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात अजून शिल्लक आहे.

उपाय अवघड नाही. शिक्षा देणाऱ्या पीठाहून मोठ्या, वेगळ्या न्यायाधीशांच्या पीठाकडे हक्काचे अपील, आणि ते निकाली निघेपर्यंत कैदेला स्थगिती, एवढी एक तरतूद पुरेशी आहे. याने न्यायालयाचा मान कमी होईल असे आम्हांस वाटत नाही. तेल्हाऱ्याच्या न्यायाधीशाचा निकाल अकोल्याला तपासला जातो म्हणून त्याची अदब कुणी कमी राखत नाही. दाद देता येते तिथेच अदब टिकते, आणि हे वरच्या न्यायालयांनाही तितकेच लागू आहे.